हायस्कूलमधली मुलं आणि शाळेतला कचरा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुणे जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि शाळेच्या हरित सेनेचं काम बघते. खालचे प्रश्न पालकसभेत, शिक्षकखोलीत आणि मधल्या सुट्टीत मला पुन्हापुन्हा विचारले गेले आहेत. काही मुलांचे आहेत, काही मोठ्यांचे. जिथे मला अनुभवाने कळलं तिथे उत्तर लांबलं आहे.

मुलांना ओला कचरा, सुका कचरा तोंडपाठ असतं. मग वर्गात बाकाखाली कागद आणि पाकिटं का सापडतात?

परीक्षेत हा प्रश्न आला तर पाचही गुण मिळवणारा मुलगा तासाभराने चॉकलेटचा कागद बाकाच्या कप्प्यात कोंबतो, हे मी रोज बघते. त्याला दोष देण्याआधी मधल्या सुट्टीत एकदा व्हरांड्यात उभं राहून बघा. अर्ध्या तासात डबा खायचा असतो, नळावरच्या रांगेत थांबायचं असतं, स्वच्छतागृहात जायचं असतं आणि उरलेल्या वेळात क्रिकेटचा डाव पुरा करायचा असतो. घंटा होते तेव्हा पाकीट हातात असतं आणि कचऱ्याची बादली असते मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर. तपासणीला आलेल्या पाहुण्यांना दिसावी म्हणून तिथे ठेवलेली. मग पाकीट कप्प्यात जातं, नाहीतर खिडकीतून खाली.

आम्ही बादल्या हलवल्या. मुलं जिथे खातात तिथे नेल्या : वडाच्या पारापाशी, नळाजवळ, जिन्याखाली आणि फाटकाच्या आत. व्याख्यानं आम्ही आधीही दिली होती. त्यांनी जे झालं नव्हतं, त्यातलं बरंचसं या जागाबदलाने झालं.

दुसरं कारण वयाचं आहे. तेरा ते सोळा वर्षांच्या मुलाला बाईंच्या रागावण्यापेक्षा मागच्या बाकावरच्या मित्राचं हसणं जास्त लागतं. वाकून दुसऱ्याचा कागद उचलणं त्याला कमीपणाचं वाटतं.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. टाकलेल्या कचऱ्याचं पुढे काय होतं ते मुलाने पाहिलेलंच नसतं. मावशी बाकाखालून झाडू फिरवतात तेव्हा तो घरी पोचून चहा पीत असतो. सकाळी येतो तेव्हा वर्ग स्वच्छ असतो. कचरा आपोआप नाहीसा होतो, असंच त्याच्या मनात बसलेलं असतं.

मग ते दाखवायचं कसं?

वर्षातून एकदा, एका दिवसाचा एका वर्गाचा कचरा जुन्या फ्लेक्सवर पसरून मुलांकडूनच निवडून घ्या. हातमोजे आणि चिमटे द्या, तोंडाला रुमाल बांधायला सांगा. स्वच्छतागृहातला कचरा आणि काच त्यात अजिबात घेऊ नका.

पहिली पाच मिनिटं मुलं नाक दाबून ओरडतात, नंतर गप्प होतात. पोळीच्या तुकड्याला चिकटलेला वहीचा कागद, भाजीच्या तेलात बुडालेलं पाकीट, शार्पनरच्या भुग्यात अडकलेलं ब्लेड. मिसळलं की काय होतं ते मग सांगावं लागत नाही. कोरडा असता तर रद्दीत गेला असता असा कागद हातात धरून एका मुलीने विचारलं होतं, "बाई, मावशी हे रोज करतात?" त्या वर्गाच्या बादल्या पुढे वर्षभर बऱ्यापैकी वेगळ्या राहिल्या. हा उद्योग दर महिन्याला करू नका. पुन्हापुन्हा केला की त्याचा खेळ होतो.

हायस्कूलमध्ये नेमका कसला कचरा निघतो?

वजनाने बघितलं तर कागद, पाला आणि डब्यातलं उरलेलं अन्न. संख्येने मोजलं तर खाऊची वेष्टनं सगळ्यांच्या पुढे असतात. त्याखेरीज संपलेल्या पेना आणि रिफिली, खडूची धूळ, पेन्सिलीचा भुगा, तुटक्या पट्ट्या, पेप्सीकोल्याच्या नळ्या, चिंगम, पाण्याच्या बाटल्या, स्वच्छतागृहातले पॅड आणि प्रयोगशाळेतली फुटकी काच.

शाळेगणिक यात फरक पडतो. जिथे पोषण आहार शिजतो तिथे ओला कचरा जास्त. (पोषण आहार आठवीपर्यंतच असतो, त्यामुळे पाचवी ते दहावीच्या शाळेत निम्म्याहून अधिक वर्गांना तो मिळतो, नववी-दहावीला नाही.) शहरात फाटकाबाहेर दुकानं असतील तर वेष्टनं जास्त. खेड्यातल्या शाळेत मोठं आवार असलं तर पाल्याचा ढीग. म्हणून दुसऱ्या शाळेची योजना उचलून आणण्याआधी आपला कचरा बघून घ्यावा.

वेफर्सचं पाकीट सुक्या कचऱ्यात टाकलं की त्याचं पुन्हा प्लॅस्टिक होतं ना?

नाही. मुलांचाच काय, बऱ्याच शिक्षकांचाही हा गैरसमज आहे. पाकीट आतून चकचकीत दिसतं कारण प्लॅस्टिकच्या पातळ थरावर ॲल्युमिनियमचा त्याहून पातळ थर दिलेला असतो आणि वर छपाईचा आणखी एक थर असतो. हवा आणि ओल आत जाऊ नये म्हणून ही रचना. हे थर एकमेकांपासून सोडवणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला ते घेत नाही. फार तर ते सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जळतं, नाहीतर कचरा डेपोवर पडून राहतं. उलट पाण्याची बाटली एकाच जातीच्या प्लॅस्टिकची असते, तिला भाव मिळतो, म्हणून ती रस्त्यावर फार काळ पडून राहत नाही.

तरीही पाकीट सुक्यातच टाकायचं, कारण ओल्यात गेलं तर खत बिघडतं. पण सुक्यात टाकलं म्हणजे आपलं काम झालं असं मानू नये. या पाकिटाच्या बाबतीत खरा फरक ते विकत घेतानाच पडतो.

एक बारीक सवय मुलांना जरूर लावा. पाकिटाचा, दुधाच्या पिशवीचा किंवा सॉसच्या पुडीचा कोपरा कापताना तो पुरता तोडायचा नाही, लटकता ठेवायचा. तो नखाएवढा तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही. झाडूतून निसटतो, गटारात जातो आणि पावसात ओढ्याला लागतो.

पेना कुठे टाकायच्या? आमच्या मुलाला महिन्याला चार-पाच लागतात.

पेन दिसायला एक, पण आतून चार वस्तू. नळी एका प्लॅस्टिकची, टोपण दुसऱ्या, टोक पितळेचं किंवा पोलादाचं, त्यातली गोळी टंग्स्टन कार्बाइडची आणि शिवाय उरलेली शाई. एवढ्या छोट्या वस्तूचे भाग सुटे करायला कुणी बसत नाही.

म्हणून रिफिल बदलता येईल असंच पेन घ्या. दुकानदार "आता रिफिल कोण घेतं" म्हणाला तरी मागा, बहुतेक ठिकाणी मिळते. शाईपेन वापरणारी मुलं आमच्याकडे अजून आहेत. त्यांची बोटं निळी होतात, पण एक पेन आठवी ते दहावी पुरतं. संपलेल्या पेना आम्ही वर्गात एका बरणीत साठवतो. बरणीचा उपयोग एवढाच की वर्षअखेरीस ती भरलेली दिसते. पुढच्या वर्षी ती निम्मी भरावी, असं वर्गाने स्वतःच ठरवलं.

कागदाचं काय? रद्दी तर सगळेच देतात.

देतात, पण अर्धवट वापरून. मार्चमध्ये वही उघडून बघा, मागची वीस-पंचवीस पानं कोरी असतात. वार्षिक परीक्षा झाली की आम्ही ती पानं फाडून, मुलांकडूनच शिवून कच्च्या वह्या करतो. गणिताच्या आकडेमोडीला त्या जूनपासून दिवाळीपर्यंत पुरतात.

कागद रद्दीत जायचा तर कोरडा आणि सपाट हवा. चुरगाळून बोळा करायची सवय मोडणं सगळ्यात अवघड, कारण बोळा फेकण्यात मजा असते! तेलाचा डाग पडलेला कागद रद्दीत चालत नाही, तो फाडून खतात घालावा. प्लॅस्टिकचं आवरण चढवलेली पुस्तकाची कव्हरं, चमकीची कार्डं, लॅमिनेट केलेली प्रमाणपत्रं कागदासारखी दिसतात, पण कागदाबरोबर जात नाहीत. पुस्तकांना खाकी कव्हर घालायची जुनी पद्धत उत्तम होती. आमच्या शाळेत ती पुन्हा सुरू केली तेव्हा पालकांनीच जास्त आनंदाने घातली.

डब्यातलं उरलेलं अन्न मुलं टाकतात. ते कसं थांबवायचं?

आधी डबा का उरतो ते विचारा. आमच्या वर्गात कळलं ते असं : डबा सकाळी साडेसहाला भरलेला, दुपारपर्यंत पोळी कडक झालेली आणि त्यात खिशात दहा रुपये. काहींना भाजी आवडत नसते आणि घरी तसं सांगायची सोय नसते. उरलेला डबा घरी नेला तर आई रागावते म्हणून मुलं तो शाळेत रिकामा करून जातात. पालकसभेत मी एकच विनंती करते. उरलेला डबा घरी आला तर पहिल्या दिवशी रागावू नका, भाजी कुठली होती ते बघा.

पोषण आहाराच्या खिचडीबद्दल : वाढताना कमी वाढून पुन्हा विचारावं. हे सगळ्यांना माहीत असतं, पण घाईत होत नाही. त्यासाठी मोठ्या मुलांना वाढायला उभं करावं. लहान मुलं त्यांना "बस्स" म्हणायला घाबरत नाहीत.

शाळेतच खत करायचं म्हणतोय, पण मागच्या वेळी वास आला आणि शेजाऱ्यांनी तक्रार केली.

वास आला म्हणजे हवा मिळाली नाही आणि ओल जास्त झाली. नुसतं अन्न एका खड्ड्यात ओतत गेलं की ते कुजतं, त्याचं खत होत नाही. एक घमेलं ओला कचरा घातला की त्यावर दोन घमेली वाळलेला पाला घालायचा, हे माप मुलांना सहज लक्षात राहतं. पाला जमत नसेल तर लाकडाचा भुसा किंवा नारळाच्या शेंड्या. आठवड्यातून दोनदा वर-खाली करायचं. मूठभर माल दाबून बघायचा : हाताला ओल लागावी, पाणी गळू नये. गळलं तर आणखी पाला, भुरभुरीत वाटलं तर पाण्याचा हबका.

सुरुवातीला थोडं जुनं खत किंवा शेणकाला घातला की काम लवकर लागतं. काही दिवसांनी आत हात घातला तर ऊब जाणवते. आतले जिवाणू कामाला लागल्याची ती खूण. आठवीच्या मुलांना हे दाखवा, सूक्ष्मजीवांच्या धड्यापेक्षा जास्त कळतं. करड्या-पांढऱ्या अळ्या दिसल्या तर घाबरून औषध मारू नका, त्या कचरा खाणाऱ्या आहेत. त्यांच्यावर पाल्याचा थर द्या. उंदीर येतात ते तेलकट शिजलेलं अन्न उघडं राहिलं तर, म्हणून ते नेहमी मधोमध पुरायचं आणि वर जाळी ठेवायची. दोन ते तीन महिन्यांत काळपट, पावसाळ्यातल्या मातीच्या वासाचं खत तयार होतं.

पावसाळ्यात खड्ड्यापेक्षा जमिनीवरचा विटांचा हौद बरा. खड्ड्यात पाणी भरतं.

आवारातला पाला जाळला तर काय बिघडतं? आमच्याकडे वर्षानुवर्षं जाळतात.

धूर वर्गात येतो आणि दम्याची मुलं त्या दिवशी त्रासात असतात. शिवाय पाल्याबरोबर पाकिटं जळतात, त्यांचा धूर आणखी विषारी. डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली आणि साध्या प्रसंगाला ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड ठरवला. पण मला विचाराल तर मोठं कारण वेगळंच आहे. वरच्या उत्तरात ज्या पाल्यासाठी आपण धडपडतो, तोच आपण जाळत असतो. एका कोपऱ्यात जाळीचा गोल करून पाला साठवा. वर्षभर पुरतो.

मुलींच्या स्वच्छतागृहातल्या पॅडचा प्रश्न कसा सोडवायचा? यावर कुणी बोलत नाही.

म्हणूनच तो सुटत नाही. पॅड कमोडमध्ये टाकले जातात, खिडकीबाहेर फेकले जातात, पाइप तुंबतो, मग स्वच्छतागृहाला कुलूप लागतं आणि मुली दिवसभर पाणी पिणं टाळतात किंवा त्या दिवसांत घरी राहतात. मुलींवर बेशिस्तीचा शिक्का मारण्याआधी आत जाऊन बघा : डबा आहे का, त्याला झाकण आहे का, तो दाराच्या आत आहे की बाहेर सगळ्यांसमोर? दाराबाहेर ठेवलेला डबा तेरा वर्षांची मुलगी वापरणार नाही.

प्रत्येक दाराच्या आत झाकणाचा, पायाने उघडणारा लहान डबा. भिंतीवर खिळ्याला अडकवलेले वर्तमानपत्राचे चौकोन. पॅड गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, त्यासाठी दोरीला बांधलेला लाल खडू किंवा स्केचपेन. लाल ठिपक्याची ही पद्धत पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने लोकांपर्यंत नेली. कारण साधं आहे. पुडकं उघडून बघायची वेळ कचरावेचक बाईवर येऊ नये. २०१६ च्या घनकचरा नियमांत पॅड बनवणाऱ्या कंपन्यांनी टाकण्यासाठी वेगळं वेष्टन देण्याची तरतूद आली, त्याच्याही मुळाशी हेच आहे. मुलींना हे कारण सांगितलं की त्या ठिपका विसरत नाहीत. नियम म्हणून सांगितलं तर विसरतात.

जाळायच्या यंत्राबद्दल नेहमी विचारलं जातं. स्वस्त यंत्रं पुरेशी तापत नाहीत. पॅडमध्ये बरंचसं प्लॅस्टिक असतं. ते साधारण ८०० अंशांच्या खाली अर्धवट जळलं तर घातक वायू निघतात, आणि शाळेत यंत्राचं धुराडं अनेकदा शेजारच्या वर्गाच्या खिडकीच्या उंचीवर असतं. देणगीत यंत्र मिळतंय म्हणून घेऊ नका. तापमान किती, धुराडं किती उंच, दुरुस्ती कोण करणार हे आधी विचारा. बहुतेक शाळांना वेगळं बांधून घंटागाडीत देणं अधिक सुरक्षित पडतं.

राज्यात मार्च २०१८ मध्ये अस्मिता योजना सुरू झाली, तेव्हा जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना ५ रुपयांत ८ पॅडचं पाकीट देऊ केलं होतं. पॅड मुलींपर्यंत पोचवायचा विचार झाला, तेवढाच वापरलेल्या पॅडचा व्हायला हवा. आणि पॅडबद्दल सांगायचा तास मुलग्यांसाठीही घ्या, वेगळा का होईना. चिडवणं त्याने कमी होतं.

आम्ही वेगवेगळा देतो आणि घंटागाडीवाला एकत्र ओततो. मग कशाला करायचं?

मुलं हे बघतात आणि त्यांचा विश्वास उडतो, तो राग मला पटतो. काही ठिकाणी गाडीला आतून दोन कप्पे असतात आणि वरून ते दिसत नाहीत. आधी तेवढं जाऊन विचारा. खरंच एकत्र होत असेल तर वॉर्ड ऑफिसला किंवा ग्रामपंचायतीला मुलांच्या सहीचं पत्र द्या. आमच्या एका पत्राला उत्तर यायला चार महिने लागले, पण आलं.

त्याहून भरवशाचा उपाय म्हणजे ओला कचरा आवारातच जिरवायचा. मग गाडीत मिसळायला काही उरतच नाही. विकला जाणारा सुका माल कचरावेचक बाईंना थेट द्यायचा. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, तेव्हापासून या कामाकडे पोटापाण्याचा कष्टाचा व्यवसाय म्हणून बघायची सवय शहराला हळूहळू लागली. शाळेने त्यांना वर्गात बोलवावं. कुठल्या प्लॅस्टिकला भाव आहे, कुठल्याला नाही, हे त्या हाताने चुरून आवाजावरून सांगतात. माझ्या कुठल्याही तासाला वर्ग इतका शांत नसतो.

आणि मिसळलेला कचरा जातो कुठे, हेही मुलांना माहीत हवं. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोवर गेला. तिथल्या लोकांनी विहिरींचं पाणी खराब झालं म्हणून पुन्हापुन्हा गाड्या अडवल्या. मुंबईत देवनारच्या डेपोवर १९२७ पासून कचरा पडतो आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथे आग लागून धूर इतका पसरला की आसपासच्या महापालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आपल्या कचऱ्यामुळे दुसऱ्या मुलांची शाळा बंद पडू शकते, हे माझ्या वर्गाला त्या आगीपर्यंत सुचलंही नव्हतं. मलाही नाही.

मुलांकडून वर्ग झाडून घेणं योग्य आहे का? पालक तक्रार करतात.

योग्य आहे, पण दोन अटींवर.

पहिली, सगळ्यांनी झाडायचं. हजेरीपटाच्या क्रमाने पाळी लावा आणि ती भिंतीवर लिहा. पाळी लिहिलेली नसली की झाडू ठरावीक मुलांच्याच हातात जातो. कधी "ऐकणाऱ्या" मुलांच्या, कधी मुलींच्या, आणि कधी विशिष्ट वस्तीतून येणाऱ्या, विशिष्ट आडनावांच्या मुलांच्या. हे आपल्या समाजात अजून घडतं, शाळेतही घडतं आणि ते करणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. ज्या घरातल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या गावाची घाण उपसली, त्या घरातल्या मुलाच्या हातात शाळेनेही आधी झाडूच दिला तर त्याने आमच्याकडून शिकायचं काय? मुलींनी झाडायचं आणि मुलांनी बाक उचलायचे, हीही वाटणी मोडा.

दुसरी अट, स्वच्छतागृह आणि फुटकी काच मुलांकडे द्यायची नाही. ते पगारी, हातमोजे-बूट दिलेल्या माणसाचं काम आहे.

या दोन गोष्टी पाळल्या तर तक्रारी फार उरत नाहीत. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. ही गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक पालकाने शाळेत ऐकलेली असते. शिक्षकाने पाळीत स्वतःचंही नाव लिहिलं की बोलायलाच जागा राहत नाही. माझा वार गुरुवार.

कचरा टाकणाऱ्याला दंड किंवा शिक्षा करावी का?

कचरा उचलण्याची शिक्षा देऊ नये. "उशिरा आलास, मैदान साफ कर" म्हटलं की मैदान साफ करणं हे हलकं काम आहे, असंच आपण शिकवतो. मग तेच काम श्रमदानाच्या दिवशी अभिमानाने करा म्हणायचं, हे जुळत नाही. पैशाचा दंडही नको, ज्याच्या खिशात पैसे आहेत तो भरून मोकळा होतो. ज्याने टाकलं त्याने उचलायचं, तिथेच, न ओरडता. पुरे.

वाढदिवस, स्नेहसंमेलन, प्रकल्प : यातून निघणाऱ्या कचऱ्याचं काय करायचं?

इथे दोष मुख्यतः आमचा, शिक्षकांचा आहे. थर्माकोलचा ज्वालामुखी, थर्माकोलचं रायगड, थर्माकोलची सूर्यमाला. गुण आम्हीच देतो आणि एप्रिलमध्ये ते सगळं जिन्याखाली चुरा होऊन पडतं. थर्माकोलला भंगारात कुणी हात लावत नाही, कारण पोतंभर घेतलं तरी वजन भरत नाही. महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्येच प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी आली, पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड. १ जुलै २०२२ पासून देशभरात सजावटीचं थर्माकोल, प्लॅस्टिकचे झेंडे, फुग्याच्या काड्या, ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ बंद झाले. तरी पंधरा ऑगस्टला शाळेच्या फाटकाबाहेर प्लॅस्टिकचे झेंडे मिळतात आणि संध्याकाळी पायाखाली येतात. कागदी झेंडेही गोळा करून मानाने ठेवावे लागतात, ते कचऱ्यात टाकायचे नाहीत.

प्रकल्पाच्या सूचनेतच एक ओळ घाला : माती, पुठ्ठा, कापड, बांबू चालेल, थर्माकोल आणि चमकी आणल्यास गुण कापले जातील. आमच्याकडे पहिल्याच वर्षी मातीचा रायगड आला. वाहून आणताना एक बुरूज पडला, पण बाकी किल्ला सुरेख होता. वाढदिवसाला वर्गभर चॉकलेटं वाटण्याऐवजी चिक्की किंवा पेरू, नाहीतर वर्गाच्या पेटीला एक पुस्तक.

शाळेबाहेरची टपरी आमच्या हातात नाही. तिथला कचरा कसा थांबणार?

टपरीवाल्या काकांशी बोला, ते ऐकतात. मोठी बादली शाळेने द्यावी, रिकामी त्यांनी करावी. वडापाव छापील वर्तमानपत्रात देऊ नका एवढंही सांगा, शाई अन्नात उतरते म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणानेच तसं बजावलं आहे. कोरा कागद किंवा पळसाचा द्रोण चालतो.

तंबाखू आणि सुपारीच्या पुड्या आवारात सापडल्या तर तो कचऱ्याचा प्रश्न राहत नाही. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला कायद्याने मनाई आहे आणि गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पुड्या उचलून गप्प बसू नका, मुख्याध्यापकांनी पोलिसांना लेखी कळवावं. आणि ज्या मुलाच्या खिशात सापडली त्याला सगळ्यांसमोर उभं करू नका, त्याच्याशी एकट्याने बोला.

सेल, जुने इअरफोन, बिघडलेले कॅल्क्युलेटर?

ते ओल्यातही नाही आणि सुक्यातही नाही. शिक्षकखोलीत एक बंद डबा ठेवा, वर्षातून एकदा ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राला द्या. फुगलेली बॅटरी डब्यात न टाकता लगेच वेगळी काढा, ती पेट घेऊ शकते.

मी नववीत आहे. मी पाकीट खिशात ठेवलं की मित्र "स्वच्छता मंत्री" म्हणून चिडवतात. काय करू?

काहीच उत्तर देऊ नकोस आणि खिशात ठेवणं सोडू नकोस. त्यांना कचरा उचलायला सांगायला जाऊ नकोस, ते त्यांना भाषण वाटतं. तुझ्याबरोबर एक मित्र मिळव, फक्त एक. दोघं करत असले की ते विचित्र दिसत नाही. माझ्या वर्गात तुला चिडवणाऱ्यांसारखाच एक जण होता. त्याने कधी सुरुवात केली ते मला कळलंही नाही, एक दिवस दप्तराच्या बाजूच्या कप्प्यातून त्याने चार रिकामी पाकिटं काढून बादलीत टाकली.

मे महिन्याच्या सुट्टीत खताच्या हौदाचं काय करायचं?

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात नवा ओला कचरा घालणं बंद करा. वर पाल्याचा जाड थर, त्यावर जुनं गोणपाट. उन्हाळ्यात तो कोरडा पडून काम थांबतं, म्हणून आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी लागतं. शिपाईमामांना सांगा, पण सगळा भार त्यांच्यावर टाकू नका. शाळेजवळ राहणाऱ्या दोन-तीन मुलांची पाळी लावा, त्यांना तसंही खेळायला मैदान हवंच असतं. जूनमध्ये शाळा उघडली की ते खत चाळून घ्या. चाळणीत उरलेले प्लॅस्टिकचे तुकडे मुलांनीच वेचावेत, गेल्या वर्षी काय चुकीचं पडलं ते तिथे दिसतं. चाळलेलं खत पहिल्या पावसानंतर हरित सेनेच्या रोपांना घाला.